ओट्यातला लेपिडोटीस

आमच्या स्वयंपाकघराचा ओटा बदलायचा, एवढेच ठरले होते. या कामात सहकारी कायदा, तीन सरकारी खाती आणि चारशे लिंबे गुंततील, असे त्या वेळी कुणी सांगितले असते तर मी त्याला सावलीत बसवून पन्हे पाजले असते. एप्रिलच्या नागपुरात माणसे असे काहीबाही बोलतात; त्यांना बोल लावायचा नसतो.

जुना ओटा शेगडीखाली तडकला होता. भैरवीचे, म्हणजे माझ्या पत्नीचे, म्हणणे एका शब्दाचे होते: ग्रॅनाइट. ती महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते आणि तिच्या मते प्रत्येक प्रश्नाला एक उत्तर असते. मी हिंगण्याच्या रस्त्यावरील कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवतो; मला प्रत्येक प्रश्नाची निदान तीन उत्तरे दिसतात आणि त्यांपैकी एकही वेळेवर देता येत नाही. तरीही काळ्या ग्रॅनाइटविषयी माझे मत पक्के होते. तो दगड असून दगडासारखा वागत नाही. त्यात ट्यूबलाइट दिसते, पंखा दिसतो आणि सकाळी चहा गाळताना आपलाच चेहरा खालून दिसतो. चाळिशी उलटलेल्या माणसाने आपला चेहरा खालून पाहू नये, असे मला मनापासून वाटते.

म्हणून देवाजींना बरोबर घेऊन मी शहराबाहेर, बेसा गावाच्या पलीकडे एका फरशीवाल्याच्या आवारात गेलो. देवाजी हे फरशी बसवणारे आणि घासणारे मिस्त्री. आमच्या मनीषनगरातल्या निम्म्या घरांच्या जमिनी त्यांच्या हातच्या आहेत. आवारात चकाकणाऱ्या दगडांची रांग होती आणि तिच्या शेवटी, भिंतीला पाठ टेकून, एक मंद पिवळसर शिळा उभी होती. जुन्या पोस्टकार्डाचा रंग. तिच्यावर कसलेही प्रतिबिंब पडत नव्हते. मधोमध हातभर लांबीची काळसर छाया होती.

"सिरोंच्याकडचा माल आहे," फरशीवाला म्हणाला. "डागाचा आहे, म्हणून दोन वर्षांपासून पडून आहे."

"हीच," मी म्हणालो.

देवाजींनी शिळेवर नख ओढून पाहिले. "सायेब, हा चुन्याचा गोटा हाय. याले आंबट चालत नाही. लिंबू पडलं का खाते थे याले. देवघरात लावा, वऱ्हांड्यात लावा. ओट्यावर काहून लावता?"

मी हसलो. आयुष्यात काही हसणी महाग पडतात. हे त्यांपैकी होते.

ओटा बसला. भैरवीने तो दारातूनच पाहिला.

"डाग आहे."

"तो डाग नाही. छाया आहे."

"मग सरकवून दाखव," ती म्हणाली आणि आत गेली.

शेजाऱ्यांचे अभिप्राय पुढचे चार दिवस येत राहिले. वरच्या मजल्यावरून मेण चोळण्याचा सल्ला आला, खालच्या मजल्यावरून वास्तुदोषाचा. समोरच्या यमुताईंनी मात्र ओट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत वितींनी माप घेतले आणि समाधानाने मान डोलावली. "रंग राहू द्या तुमचा तुमच्यापाशी. लांब केलात, हे बाकी झकास केलं."

या वाक्याचा अर्थ मला तेव्हाच कळायला हवा होता. आमच्या विंगमध्ये एक रीत आहे: दर उन्हाळ्यात सगळ्या घरांचे लिंबाचे लोणचे एकाच घरी, एकाच दिवशी घालायचे. ज्याचा ओटा सर्वांत लांब, तो यजमान. कुठलाही ठराव न करता पाळली जाणारी ही आमच्या सोसायटीतली एकमेव गोष्ट. त्यामुळे पुढच्या मंगळवारी सकाळी नऊ वाजता यमुताई, पाच सख्या, पाच विळ्या आणि चारशे लिंबे माझ्या दारात उभी राहिली. भैरवी उत्तरपत्रिका तपासायला गेली होती. मी सुट्टीवर होतो.

इथे मला एक कबुली द्यावी लागेल. देवाजींचा इशारा माझ्या नीट लक्षात होता. "यमुताई, या ओट्याला आंबट चालत नाही," एवढे सहा शब्द उच्चारले असते तर ही कथा इथेच संपली असती. परंतु ते उच्चारणे म्हणजे भैरवीचा ग्रॅनाइट बरोबर होता हे संबंध विंगसमोर मान्य करणे. मी तोंड मिटून कूलरमध्ये पाणी भरले.

दुपारी एकपर्यंत लिंबे चिरून झाली. रस ओट्यावरून ओघळत होता. बायकांनी त्यावर वर्तमानपत्रे पसरली, वर फोडींची परातभर रास घातली, मीठ चोळले आणि उन्हाच्या धाकाने सगळ्या आपापल्या घरी पडायला गेल्या. नागपुरात दुपारी एक ते चार फक्त कूलर जागे असतात. चार तास तो रस कागदाखाली काय करत होता, हे मला ऐकू यायला हवे होते. मी झोपलो होतो.

पाच वाजता फोडी बरण्यांत गेल्या आणि यमुताईंनी ओला कागद सोलून काढला.

"अगं बाई! मुकुंदराव! ओट्यावर मासा!"

आमच्या इमारतीत स्वयंपाकघरांच्या खिडक्या एका सामाईक पोकळीत उघडतात. पाणी कधी येणार, कुणाकडे पाहुणे आले, कुणाचा जावई रागावला, हे सारे त्या पोकळीतून सर्वांना कळते. यमुताईंचा मासा तीन मजले खाली आणि दोन मजले वर एका श्वासात पोहोचला.

मी धावत गेलो आणि थांबलो. पिवळा दगड सर्वत्र किंचित खाली बसला होता, खरखरीत झाला होता. आणि जिथे छाया होती तिथे तो बसला नव्हता. तिथे मासा होता. खवल्यांच्या तिरप्या ओळी, प्रत्येक खवला शंकरपाळ्याच्या आकाराचा आणि चिंचोक्यासारखा तकतकीत. शेपटीचा पंखा अर्धा मिटलेला. डोळ्याच्या जागी एक खोल वर्तुळ, ज्यातून कुणीतरी फार पूर्वीच निघून गेले होते. तो पोहत नव्हता आणि पडलेलाही वाटत नव्हता. तो थांबला होता. मला वाटले, कुणीतरी काही बोलेल आणि मग तो निघेल.

"मुकुंदराव," यमुताई म्हणाल्या, "माझी चारशे लिंबं याच्या अंगावर होती?"

सहा वाजता आनंदराव आले. आनंदराव हे आमच्या सोसायटीचे सचिव. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले असले तरी खाते त्यांच्यातून निवृत्त झालेले नाही. काखेत रजिस्टर, कानावर पेन.

"काय करून राहिले तुम्ही, मुकुंदराव? नियम चौदा माहीत आहे ना? आवारात मासळी आणणे, ठेवणे अथवा शिजवणे यास सक्त मनाई."

या नियमाविषयी दोन शब्द. तो सोसायटीच्या पहिल्या वर्षी तीन सभासदांच्या उपस्थितीत एकमताने संमत झाला. तेव्हापासून निम्मी सोसायटी रविवारी बाहेर जाऊन घाम फुटेस्तोवर माशाचा सावजी रस्सा ओरपते आणि लवंग चघळत, लिफ्टमध्ये श्वास रोखून, सदाचाराने घरी परतते. आनंदराव लिफ्टने कधीच जात नाहीत. कारण मी विचारलेले नाही.

त्यांनी चष्मा पुसून ओटा पाहिला.

"मासा आहे."

"आहे."

"ताजा?"

"नाही."

"मग शिळा, असं लिहितो."

"आनंदराव, तो दगड झालेला आहे!"

"झाला असेल. पण आधी मासा होता ना? मूळ नोंद महत्त्वाची."

भैरवी सात वाजता आली. तिने मासा पाहिला, खरखरीत झालेला ओटा पाहिला, मला पाहिले. मग पर्स खुंटीला अडकवत म्हणाली, "ग्रॅनाइट." त्या शब्दात विजय नव्हता, हेच मला लागले.

दुसऱ्या दिवशी नोटीस दारावर चिकटली: रविवारी सर्वसाधारण सभा, विषय, सदनिका क्रमांक तीनशे दोनमधील मासा, सभेने ठरवल्यास सोमवारी ओटा फोडून काढण्यात येईल. त्याहून वाईट म्हणजे लोणचे. माशाच्या अंगावर मुरलेली लिंबे कुणी घरात घेईना. अकरा बरण्या माझ्या दारासमोर जिन्यात रांगेने उभ्या राहिल्या आणि येणारा जाणारा त्यांना वळसा घालून जाऊ लागला. यमुताई रोज सकाळी दार उघडत, बरण्यांकडे पाहत, माझ्याकडे पाहत आणि दार लावत. त्यांची मुलगी पुण्याला असते. तिला दर वर्षी हेच लोणचे जाते. शिवी परवडली असती.

मी ठरवले की मासा हा नियम चौदाच्या अर्थाने मासा नाही, असा शासकीय दाखला आणायचा. गुरुवारी सकाळी मी सिव्हिल लाइन्सला गेलो. पहिले कार्यालय माशांचे होते. तेथील गृहस्थांनी मला एक अर्ज दिला.

"जिवंत की मृत?"

"मृत."

"कधीपासून?"

"फार दिवस झाले."

"तसं चालत नाही. अंदाजे महिना लिहा. आणि वयाच्या रकान्यात दोनच चौकटी आहेत, त्यात बसवा."

मी नव्याण्णव लिहिले. मन खाल्ले, पण जागाच तेवढी होती. त्यांनी तो आकडा पाहून अर्ज परत केला आणि ही बाब पुरातन वस्तूंच्या कार्यालयाची असल्याचे सांगितले. पुरातन वस्तूंच्या कार्यालयात एका सौम्य चेहऱ्याच्या बाईंनी माझे सर्व ऐकून घेतले. "हा मासा कुणी माणसाने केलेला आहे का?" त्यांनी विचारले. "नाही," मी म्हणालो. "कोरलेला असता तर घेतला असता हो," त्या हळहळल्या. "पण हा तर खराच आहे." त्यांनी मला दगडांच्या कार्यालयात धाडले. तेथील साहेबांनी एकच प्रश्न विचारला: सिरोंच्याहून हा दगड आणल्याचा वाहतूक परवाना कुठे आहे?

अशा रीतीने दुपारी तीनपर्यंत तीन कार्यालयांनी मिळून ठरवले होते की माझा मासा मासा नाही, पुरातन नाही आणि दगड म्हणून बेकायदेशीर आहे. बाहेर रस्त्यावर डांबर मऊ झाले होते. कडुनिंबाची सावली अंग चोरून बुंध्याशी बसली होती. मीही तिच्यात बसलो. फाटकापाशी पाण्याचा माठ राखणाऱ्या शिपायाने मला ग्लासभर पाणी दिले आणि फुकटचा सल्लाही. "मेघा मॅडमले दाखवा ना, सर. कॉलेजात दगडं शिकवतात थ्या. असा काही माल सापडला का सायेब लोकं त्याईलेच फोन लावतात."

त्याने महाविद्यालयाचे नाव सांगितले. ते भैरवीचे होते.

"मेघा?" भैरवी संध्याकाळी म्हणाली. "डॉक्टर मेघा. रोज डबा खातो आम्ही बरोबर."

"आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"तू विचारलं नाहीस." ती कांदा चिरत होती, ओट्यावर नव्हे, जमिनीवर बसून, विळीवर. "आणि मला ग्रॅनाइट हवा होता, मुकुंद. ते मी पहिल्या दिवशी सांगितलं होतं. तू मला विचारलंस का, दगड आणण्याआधी?"

याला माझ्याकडे तीनपैकी एकही उत्तर नव्हते. पण फोन तिनेच लावला.

शनिवारी सकाळी डॉक्टर मेघा मोपेडवरून आल्या. उंच, सावळ्या, पिशवीत भिंग आणि मऊ कुंचला. वाटेत बरण्यांना वळसा घालून त्या ओट्यापाशी गेल्या, वाकल्या आणि वाकलेल्याच राहिल्या. कूलरचे पाणी संपून तो कोरडा खडखडू लागला तरी कुणी उठले नाही. यमुताई आपल्या दारातून आमच्या दारात, आमच्या दारातून दिवाणखान्यात आणि तिथून स्वयंपाकघराच्या चौकटीपर्यंत, जणू आपण चालतच नाही अशा रीतीने, येऊन पोहोचल्या होत्या.

"लेपिडोटीस," मेघा म्हणाल्या. "निदान त्याच्या घराण्यातला. नक्की सांगायला महिने लागतील. पण खवले बघा. हाडावर दातासारखं जाड, चकचकीत आवरण आहे. आजच्या माशांमध्ये असं फार थोड्यांना असतं. हा वंश केव्हाच संपला."

"केव्हा?" मी विचारले.

"हा इथला जो आहे, तो सतरा-अठरा कोटी वर्षांपूर्वीचा असावा. गोड्या पाण्यातला. तेव्हा सिरोंच्याकडे तळी होती. हे दात बघा, गोल, बटणांसारखे. शिंपल्या फोडून खायचा."

"म्हणजे सुपारी फोडल्यासारखा," चौकटीतून आवाज आला. "शाकाहारी नव्हताच तर."

"नव्हता, ताई."

"असो. तेव्हा कुठं सोसायटी होती!"

मेघा हसल्या आणि मग एकदम गंभीर झाल्या. "पण मला एक सांगा, हा दगडातून वर काढला कुणी? आम्ही प्रयोगशाळेत हेच करतो. सौम्य आम्लात ठेवायचं, दगड हळूहळू झिजू द्यायचा. जरा जास्त झालं की खवल्यांची वाट लागते. अशी सफाई मी फार कमी वेळा पाहिलीय."

मी यमुताईंकडे पाहिले. यमुताईंनी पदर खांद्यावर घेतला.

"मी काढला," त्या म्हणाल्या. "चारशे लिंबं होती. कागदी. बाजारातली पाणचट मी घेतच नाही."

"किती वेळ ठेवलीत?"

"एक ते पाच. वर ओला कागद. मीठ मागाहून. अंदाजानंच करते मी सगळं."

मेघांनी हात जोडले. खरोखर जोडले. यमुताईंच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे पसरले त्याचे वर्णन करण्याचा मोह मी आवरतो. एवढेच सांगतो की त्या जिन्यात गेल्या आणि अकराही बरण्या एकेक करून उचलून आपल्या घरात घेऊन गेल्या.

आता मासा सुखरूप काढून कुठेतरी नीट ठेवता येईल का, हे पाहण्यासाठी देवाजींना बोलावले. त्यांनी ओट्याच्या कडेला बोटाने टिचक्या मारल्या, कान लावला.

"खाली सिमेट पक्का धरला हाय. आन् हा गोटा पापुद्र्या-पापुद्र्याचा. छन्नी लावली का मासा निंघन, पण भुकटी होऊन निंघन."

"म्हणजे इथेच राहायला हवा," मेघा म्हणाल्या. "निदान आम्ही काही उपाय शोधेपर्यंत."

देवाजी ऐकत नव्हते. त्यांनी तळहात खवल्यांच्या वर, न टेकवता, धरला होता.

"मॅडम, मी सिरोंच्याचे गोटे तीस वर्सं घासून राहिलो. असा डाग दिसला का आम्ही मशीन दाबून चालवतो. गिऱ्हाईकाले डाग नाही पायजे." त्यांनी खवल्यांकडे पाहिले. "थे सगये मासेच असतीन का वं?"

"सगळे नसतील," मेघा म्हणाल्या.

"पण असतीन."

मेघांनी भिंग पिशवीत ठेवले. देवाजींनी हात मागे घेतला. "सायेब, सोमवारी मले नका बलावू. सोसायटीनं म्हटलं तरी हा मी फोडणार नाही. दुसरा मिस्त्री पाहा."

रविवारी संध्याकाळी सहा वाजता वाहनतळात सभा भरली. मोटारी बाहेर काढून खुर्च्या मांडल्या होत्या आणि खर्जात घरघरणारा, खिडकीएवढा मोठा कूलर लावला होता. छत्तीसपैकी पस्तीस सदनिकांतून माणसे आली होती, एरवी सात येतात. मेघा माझ्या शेजारी बसल्या होत्या आणि देवाजी मागे खांबापाशी उभे होते. मी चार पानी भाषण लिहून आणले होते. त्याची सुरुवात काळाच्या तळाशी साचलेल्या मौनापासून होती, दुसऱ्या पानावर आपण सारे एका उथळ पाण्यातले प्रवासी होतो आणि शेवट असा होता की माझेच डोळे लिहिताना पाणावले होते. मी उभा राहिलो. घसा साफ केला. "काळाच्या तळाशी," मी म्हणालो, आणि कुणीतरी गरमी होते म्हणून कूलर माझ्याकडे वळवला.

पहिले पान एका स्कूटरखाली गेले. दुसरे आनंदरावांच्या चेहऱ्यावर बसले. तिसरे आणि चौथे फाटकातून बाहेर पडले, आणि मी त्यांच्यामागे दोन पावले धावलो, हे नाकारण्यात अर्थ नाही, सगळ्यांनी पाहिले.

"मुकुंदराव, मुद्द्यावर या," मागून कुणी ओरडले.

मुद्दा पानांबरोबर गेला होता. मी खाली बसलो.

मेघा उभ्या राहिल्या आणि त्यांनी दोन मिनिटांत, साध्या शब्दांत, सगळे सांगितले: यात मांस उरलेले नाही, वास नाही, हाडांच्या जागी खनिजे भरली आहेत, आणि अशी वस्तू एका घराच्या ओट्यात सापडणे ही भाग्याची गोष्ट आहे.

"म्हणजे हा मासा नाही, असं लिहून देता?" आनंदरावांनी विचारले.

"नाही. मासाच आहे."

"मग ठेवणे हा नियमभंग झाला." आनंदरावांनी सभेकडे वळून पाहिले. "आज दगडाचा ठेवू दिला, उद्या कुणी बर्फातला ठेवील. तो पण थंडच असतो."

यावर टाळ्या पडल्या. दुसऱ्या मजल्यावरच्या एकाने विचारले की लोक बघायला आले तर त्यांच्या गाड्या कुठे लावायच्या. आणखी कुणी म्हणाले, मृताला घरात ठेवायचे तर शांत करावी लागेल. मग यमुताई उठल्या. त्यांच्या हातात बरणी होती.

"आनंदराव, तुमच्या सौभाग्यवती मागच्या वर्षी माझ्याकडून दोन बरण्या लोणचं घेऊन गेल्या. खोटं आहे का?"

"विषय लोणच्याचा नाही, यमुताई."

"माझ्यासाठी आहे. या मॅडम कॉलेजात शिकवतात. त्या म्हणाल्या, असं काम प्रयोगशाळेतही साधत नाही. तुम्ही सोमवारी मासा फोडणार म्हणजे माझं काम फोडणार. काहून?" त्यांनी बरणी उघडली, एक फोड तोंडात टाकली आणि सर्व सभेसमोर, अतिशय सावकाश, चावली. "पाचच दिवसांचं आहे, मुरलं नाही. पण बिघडलेलंही नाही. कुणाला पाहिजे?"

मग पहिल्या रांगेतून एक हात पुढे आला, मग दुसरा. आणि बरणी रांगांमधून फिरू लागली. सभा आंबट तोंडाने मतदानाला गेली.

आनंदरावांनी हात मोजले. एका सदनिकेचे लोक गावाला गेले होते. ओटा फोडावा: सतरा. राहू द्यावा: सतरा. त्यांनी पुन्हा मोजले. पुन्हा सतरा.

"एक मत राहून गेलं," ते म्हणाले. "तीनशे दोन."

मी हात वर केला. आयुष्यात इतका उंच हात मी कधी केला नव्हता.

"तुमचं नाही, मुकुंदराव. सदनिका मॅडमच्या नावावर आहे. तुम्ही सहसभासद. खाली करा."

मी हात खाली केला. सगळी डोकी भैरवीकडे वळली. ती शेवटच्या रांगेत बसली होती, आणि मला जाणवले की दोन्ही वेळा तिचा हात मांडीवरच होता. पहिल्या दिवसापासून तिला जे हवे होते तेच ही सभा तिला देऊ करत होती. फक्त हात वर करायचा होता. आणि मी तिला अजूनही विचारले नव्हते. दगड आणताना विचारले नव्हते, यजमानपण घेताना विचारले नव्हते, भाषण लिहिताना तर तिचे नावही नव्हते.

"भैरवी," मी सभेत, सगळ्यांसमोर म्हणालो, "तुला काय वाटतं?"

ती उभी राहिली.

"मला तो दगड आवडत नाही," ती म्हणाली. "आजही नाही. त्यावर पोळी लाटता येत नाही. पण आज सकाळी चहा ठेवला आणि त्याचे खवले मोजायला लागले. एका ओळीत किती, कुठल्या कोनात वळतात, शेपटीकडे किती लहान होतात. सदतिसाव्या ओळीपाशी होते तेव्हा चहा उतू गेला." तिने आनंदरावांकडे पाहिले. "वीस वर्षांत माझा चहा उतू गेलेला नाही. ज्यानं तो घालवला, त्याला मी फोडू देणार नाही. खिडकीखाली दुसरा ओटा होईल. ग्रॅनाइटचा. काळा. देवाजी, उद्या मापाला या."

आणि तिने हात वर केला.

मी नंतर काय केले ते मला आठवत नाही. खुर्चीवर उभा राहिलो होतो असे लोक सांगतात. यमुताईंनी रिकामी बरणी दोन्ही हातांनी डोक्यावर धरली होती. वाहनतळाच्या छताखाली तो टाळ्यांचा आवाज असा घुमला की बाहेरच्या रस्त्यावर लोक वरात समजून थांबले. आनंदराव एकटेच बसून होते. त्यांनी कानावरचे पेन काढले, रजिस्टर गुडघ्यावर घेतले आणि आपल्या सुंदर, वळणदार अक्षरांत लिहिले: ठराव क्रमांक नऊ. मासा कायम. मग त्यांनी विचार केला आणि खाली जोडले: नियम चौदा पुढील माशांस लागू राहील.

"आता एकदा दाखवा तरी," ते रजिस्टर मिटत म्हणाले. "त्या दिवशी मी कामावर होतो. नीट पाहिला नाही."

सगळेच जिन्याने वर निघाले. चाळीस माणसे आमच्या स्वयंपाकघरात, दिवाणखान्यात आणि जिन्यात उभी राहिली. पुढचे वाकून पाहत, मागचे पुढच्यांच्या वर्णनावर भागवत. यमुताई ओट्याच्या डोक्याशी उभ्या राहून प्रत्येक नव्या तुकडीला लिंबांची जात सांगत होत्या. भैरवी मेघांना सदतिसावी ओळ दाखवत होती. मी मात्र देवाजींना गर्दीतून वाट काढून पुढे आणले. ते मागे मागे सरत होते. पायांत धूळ आहे म्हणाले.

"हात लावा," मी म्हणालो. "तुम्हीच बसवलाय."

त्यांनी हात विजारीला पुसला. मग हलकेच, डोक्याकडून शेपटीकडे, खवल्यांच्या ओळींवरून तळहात फिरवला. खिडकीबाहेर अजून पंचेचाळीस अंशांची झळ होती, चाळीस माणसांच्या श्वासांनी खोली तापली होती. देवाजींनी हात तिथेच ठेवला आणि माझ्याकडे पाहिले.

"सायेब, थंड हाय," ते म्हणाले. "जसा आताच पाण्यातून काढला."